वाचक विचारतात : कंपाइल होतं, मग अडतं कुठे?

मागच्या अंकात लिहिलं होतं की सी आणि सी प्लस प्लसमधे अडलात तर एरर जशीच्या तशी पाठवा. पाठवल्यात, आणि बघतो तर बहुतेक सगळ्या लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या. कॉलेजात पॉइंटरवर महिना घालवतात, लिंकर मात्र एका लेक्चरमधे उरकतात, आणि मग नोकरीला लागल्यावर पहिला आडवा तोच येतो. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला. खाली जी टूल्स येतील, म्हणजे एलडी (हाच तो लिंकर), एनएम, एआर, ऑब्जडंप, ऑब्जकॉपी, साइझ, स्ट्रिप वगैरे, ती सगळी ग्नू बिनयुटिल्स या एकाच पॅकेजात असतात आणि लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर टाकला की त्याच्याबरोबर आलेली असतात, वेगळं काही उतरवायचं नाही. इथे सगळं देवनागरीत छापलंय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

सिडकोहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : दादा, मी मॅथ डॉट एच इन्क्लुड केलंय तरी "अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी" येतं. गंमत म्हणजे एसक्यूआरटीमधे डायरेक्ट १६ लिहिलं तर चालतं, यूजरकडून नंबर घेतला की फुटतं. मित्र म्हणतो जीसीसी काढून परत टाक. टाकू का?

अजिबात नको. जीसीसी बिचारं ठणठणीत आहे. मॅथ डॉट एच इन्क्लुड केलंस म्हणजे फक्त "एसक्यूआरटी नावाचं एक फंक्शन आहे, ते डबल घेतं नि डबल देतं" एवढं कंपायलरला कळलं. हेडर म्हणजे मिसळीच्या हॉटेलातलं मेनूकार्ड, त्यात नाव छापलंय म्हणून आत भटारखान्यात रस्सा उकळतोय असं नाही. खरं फंक्शन लिब-एम नावाच्या वेगळ्या लायब्ररीत आहे आणि ती जोड असं लिंकरला सांगावं लागतं, कमांडच्या शेवटी "मायनस एलएम" लावून. आता १६ टाकल्यावर का चाललं, तर आकडा आधीच माहीत आहे म्हटल्यावर कंपायलरने उत्तर स्वतःच काढून ४ लिहून टाकले, फंक्शन बोलवायची वेळच आली नाही. नंबर रन करताना येणार असला की खरं फंक्शन लागतं, आणि ते सापडत नाही.

आणि "शेवटी" हा शब्द नीट वाच. मायनस एलएम आधी आणि तुझी फाइल नंतर असं लिहिलंस तर उबुंटूवर तीच एरर परत येईल. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, लायब्ररी समोर आली तेव्हा तिच्यातलं काहीच कोणी मागितलेलं नसेल तर तो तिला सोडून पुढे जातो, मागे वळून बघत नाही. डॉट ए वाल्या स्टॅटिक लायब्ररीत तर हे सगळीकडेच होतं, आणि दोन लायब्रऱ्या एकमेकींना मागत असतील तर एक दोनदा लिहावी लागते किंवा स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपच्या मधे दोघींना बसवावं लागतं.

अजून एक सवय लावून घे. एररची शेवटची ओळ "कलेक्ट२ : एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस" अशी असते आणि पोरं तीच गूगलवर टाकतात. त्या ओळीत काहीच नसतं, एलडी नापास झाला एवढंच ती सांगते. तिच्या वरची ओळ वाचायची. वर "युजर बिन एलडी" असं दिसलं तर लिंकर बोलतोय, डॉट सी फाइलचं नाव आणि लाइन नंबर दिसला तर बहुतेक कंपायलर, आणि फाइल बनून रन करताना बोंब आली तर तो तिसराच, लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याला मेमरीत चढवून लायब्रऱ्या जोडून देणारा. कोण बोलतंय ते कळलं की अर्धं काम झालं.

अंबडहून एक वाचक, कंट्रोल पॅनलचं छोटं युनिट : आमच्याकडे ऑफिसात उबुंटू २२.०४ आहे, तिथे प्रोग्रॅम झकास चालतो. कस्टमरच्या प्लांटवर पॅनल पीसीत २०.०४ आहे, तिथे "जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड" म्हणतो. ऑफिसातली लिबसी कॉपी करून तिकडे टाकली तर चालेल का?

ती फाइल कॉपी करू नका, हे आधी. लिबसी डॉट एसओ डॉट ६ म्हणजे जीलिबसी या सीच्या मुख्य लायब्ररीची फाइल, तिच्यावर त्या मशिनवरचं जवळपास सगळं उभं असतं, ती चुकीची बदलली तर साधं एलएस पण चालत नाही, रिमोटने आत जाता येत नाही आणि मग पेनड्राइव्ह घेऊन प्लांटवर जावं लागतं, तेही प्रॉडक्शन बंद करून.

हे बोलणं लोडरचं आहे. जीलिबसी प्रत्येक फंक्शनला व्हर्जनचं लेबल लावते आणि तुम्ही ज्या मशिनवर बिल्ड करता तिथलं नवं लेबल तुमच्या बायनरीत, म्हणजे बनलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीत, उतरतं. २२.०४ मधे जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मधे २.३१. आता तुम्ही म्हणाल की आम्ही नवं काहीच वापरलं नाही, नुसता सिरियल पोर्ट वाचतोय. बरोबर आहे, पण ऑगस्ट २०२१ मधे आलेल्या २.३४ व्हर्जनमधे त्यांनी थ्रेड्सची पीथ्रेड लायब्ररी मुख्य लिबसीतच मिसळली आणि मेनच्या आधी जे सुरुवातीचं फंक्शन चालतं त्यालाही नवं लेबल लागलं, त्यामुळे नुसता "हॅलो वर्ल्ड" जरी २२.०४ वर बिल्ड केला तरी तो २.३४ मागतो. बघायचं असेल तर ऑब्जडंपला कॅपिटल टी देऊन तुमची बायनरी द्या आणि आउटपुटमधे २.३४ शोधा, कोणकोणती नावं अडून बसलीत ते समोर येईल.

उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे, जिथे चालवायचंय त्यातलं सगळ्यात जुनं मशिन जे असेल तिथे बिल्ड करा. त्यासाठी जुना पीसी शोधायला नको, डॉकरमधे २०.०४ ची इमेज घ्या आणि तिच्यात कंपाइल करा. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. काही जण सगळंच स्टॅटिक लिंक करा म्हणतील, साध्या प्रोग्रॅमला चालून जातं, पण नेटवर्कवर नावाने सर्व्हर शोधायचा असेल तर जीलिबसी तिथे परत रनटाइमला लायब्रऱ्या मागते, म्हणजे सुटलो म्हणता म्हणता परत तिथेच. आणि जाता जाता, २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मधे संपलाय, कस्टमरच्या कानावर घालून ठेवा. ऐकणार नाहीत माहितेय, प्लांटवरचं चालू मशिन कोणी अपडेट करत नाही.

सातपूरहून एक वाचक : जुन्या वजनकाट्याच्या वेंडरने धंदा बंद केला. आमच्याकडे त्याची एक डॉट ए फाइल आणि हेडर आहे, सोर्स नाही. नव्या पीसीवर लिंक करताना "स्किपिंग इनकम्पॅटिबल" आणि मग "कॅनॉट फाइंड" येतं. फाइल तर तिथेच आहे! शिवाय या फाइलमधून सोर्स काढता येतो का?

फाइल सापडली, पण चालणारी नव्हती म्हणून त्याने सोडली आणि मग सापडली नाही म्हणून रडला, हे एलडीचं बोलणं जरा तिरकंच आहे. बहुतेक ती लायब्ररी ३२ बिटची असणार आणि तुम्ही ६४ बिटचा प्रोग्रॅम बनवताय. फाइल कमांडने कळणार नाही, ती नुसतं "एआर आर्काइव्ह" म्हणून मोकळी होते, कारण डॉट ए म्हणजे डॉट ओ (कंपाइल झालेल्या पण अजून न जोडलेल्या) फाइलींचं गाठोडं आहे फक्त. ऑब्जडंप मायनस एफ चालवा, प्रत्येक फाइलसमोर एल्फ३२ आहे की एल्फ६४ ते लिहून येईल. ३२ निघालं तर जीसीसी-मल्टिलिब पॅकेज टाकून "मायनस एम३२" ने सगळाच प्रोग्रॅम ३२ बिटमधे बनवा. अर्धा इकडचा अर्धा तिकडचा असं एका प्रोसेसमधे जमत नाही.

ते झालं की तुम्हाला दुसरी एरर येण्याची दाट शक्यता आहे, ती आत्ताच सांगतो. समजा त्या लायब्ररीत रीड_वेट नावाचं फंक्शन आहे आणि तुमचा नवा कोड सी प्लस प्लसमधे आहे. लिंकर म्हणेल "अनडिफाइन्ड रेफरन्स टू रीड_वेट" आणि नावापुढे कंसात "इंट" असेल. तो कंस बघा! सीमधल्या फंक्शनच्या नावापुढे लिंकर कधी कंस छापत नाही. कंस आला याचा अर्थ सी प्लस प्लसने नाव आतल्या आत बदलून _झेड११रीड_वेटआय असं काहीतरी केलंय, ११ म्हणजे इंग्रजीत लिहिलेल्या नावाची लांबी अंडरस्कोर धरून, शेवटचा आय म्हणजे इंट, आणि लायब्ररीत ते साध्या नावाने बसलंय. एनएमने दोन्हीकडे बघा, लायब्ररीत साध्या नावापुढे टी दिसेल म्हणजे फंक्शन इथे आहे, तुमच्या डॉट ओ मधे त्या लांबलचक नावापुढे यू दिसेल म्हणजे हवंय पण इथे नाही. हेडरचं इन्क्लुड एक्स्टर्न "सी" च्या महिरपी कंसात टाका, मिटलं.

सोर्स नाही निघत. ऑब्जडंप मायनस डी ने असेंब्ली निघते, ती वाचून काट्याला कुठले बाइट जातात ते चिकाटीने काढता येईल, पण व्हेरिएबलची नावं, कॉमेंट्स काही परत येत नाहीत. त्यापेक्षा सिरियल लाइनवर काय जातंय ते नुसतं टिपून बघा, जुन्या काट्यांचे प्रोटोकॉल बऱ्याचदा साधे असतात. आणि कुठूनतरी मेलवर आलेली अनोळखी बायनरी असेल तर तिच्यावर एलडीडी चालवू नका, काही वेळा ते त्या प्रोग्रॅमचाच कोड चालवू शकतं, त्याच्या मॅन पेजवरच तसा इशारा आहे. कुठल्या लायब्रऱ्या लागतात एवढंच बघायचं तर ऑब्जडंप मायनस पी मधल्या "नीडेड" ओळी पुरतात.

पिंपळगाव बसवंतहून एक वाचक : सर, घरची द्राक्षबाग आहे, मातीचा ओलावा मोजायला ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर स्वतः कोड लिहिलाय, लिंकर स्क्रिप्ट (कुठला भाग मेमरीत कुठे बसवायचा ते लिंकरला सांगणारी फाइल) पण स्वतः केली. दोन प्रॉब्लेम. फर्मवेअरची बिन फाइल ३८४ एमबीची होते, आणि चिपमधे फ्लॅश आहे ६४ केबी! दुसरं, डीबगरने टाकलं की चालतं, वायर काढून परत लावली की ओलाव्याची लिमिट ३५ च्या जागी भलतीच दिसते. ऑक्टोबर छाटणीच्या आत बागेत लावायचंय.

भाऊ, तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. स्वतः लिंकर स्क्रिप्ट लिहिणारा बागायतदार आहे म्हटल्यावर उत्तर सविस्तर द्यायलाच हवं. दोन प्रॉब्लेम नाहीत तुमचे, एकच आहे.

या चिपमधे फ्लॅश हेक्समधे ०८०००००० या पत्त्यावर सुरू होते आणि रॅम २००००००० वर. वजाबाकी करा, १८०००००० हेक्स, म्हणजे बरोबर ३८४ एमबी. हा आकडा दिसला की समजायचं की बिन फाइलमधे एक टोक फ्लॅशचं आणि एक टोक रॅमचं आलंय, आणि मधली सगळी रिकामी जागा ऑब्जकॉपीने शून्यांनी भरून काढलीय. बिन फॉरमॅटमधे पत्ते लिहायची सोयच नाही, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सलग लिहायचं एवढंच त्याला कळतं. इंटेल हेक्स फॉरमॅट काढलात तर प्रत्येक ओळीत पत्ता असल्याने फाइल लहान दिसेल, पण रोग तोच राहील.

आता रॅमचं टोक आलं कुठून. ज्या ग्लोबल व्हेरिएबलला तुम्ही सुरुवातीलाच ३५ किंमत दिलीय ते डॉट डेटा सेक्शनमधे जातं. त्या सेक्शनला दोन पत्ते लागतात. प्रोग्रॅम चालताना ते रॅममधे असायला हवं कारण ते बदलतं, पण वीज गेली की रॅम पुसली जाते, म्हणून मूळचा ३५ फ्लॅशमधे ठेवलेला असायला हवा. पहिल्या पत्त्याला व्हीएमए म्हणतात, दुसऱ्याला एलएमए. तुमच्या स्क्रिप्टमधे डॉट डेटापुढे नुसतं "रॅम" लिहिलेलं असणार, त्यामुळे दोन्ही पत्ते रॅमचेच झाले, आणि ऑब्जकॉपी एलएमए बघून लिहितो, म्हणून ३८४ एमबी. ऑब्जडंप मायनस एच चालवा, डॉट डेटाच्या ओळीत दोन्ही रकान्यांत २००००००० दिसेल.

करायचं काय, तर त्या ओळीत रॅमनंतर "एटी" आणि मोठ्याचं चिन्ह लावून "फ्लॅश" लिहा. मग लोडॲड्र वापरून फ्लॅशमधला तो पत्ता एका सिंबॉलमधे धरा, डेटा सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे याचे अजून दोन सिंबॉल, आणि स्टार्टअप कोडमधे मेन बोलवायच्या आधी एक छोटा लूप, जो फ्लॅशमधून रॅममधे तेवढे बाइट कॉपी करेल. त्याच्या खालीच डॉट बीएसएस, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स, शून्य करायचा दुसरा लूप. बीएसएस फाइलमधे जागा खात नाही, त्यात किंमतच नसते, पण ते शून्य मात्र तुम्हालाच करायचंय, चिप करून देत नाही.

डीबगरने का चालत होतं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. डीबगर एल्फ फाइल, म्हणजे लिंकरने बनवलेली मूळ फाइल, वाचतो, तिच्यात पत्ते असतात, त्याने ३५ सरळ रॅममधे नेऊन ठेवला, रिसेट मारला तरी रॅम शाबूत राहते म्हणून सगळं छान दिसलं. वायर काढली, रॅम गेली, ३५ पण गेला. टेबलावर चालणारं आणि बागेत मरणारं फर्मवेअर हे बऱ्याचदा असंच असतं, म्हणून डीबगर लावून पास झालेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही, पॉवर काढून घालून बघायचं.

नेटवर एक इलाज दिसेल, ऑब्जकॉपीला मायनस जे देऊन फक्त डॉट टेक्स्ट, म्हणजे कोडचा भाग, घ्या म्हणून. फाइल लगेच लहान होते आणि लोक खूश होतात. करू नका, तुमचा ३५ त्याने फाइलीतून कायमचा जातो.

जागेचं पण सांगून ठेवतो, कारण पुढची एरर "रीजन फ्लॅश ओव्हरफ्लोड" हीच असणार. साइझ कमांड टेक्स्ट, डेटा, बीएसएस असे तीन आकडे देते. फ्लॅशमधे टेक्स्ट अधिक डेटा बसायला हवं, आणि २० केबी रॅममधे डेटा अधिक बीएसएस, वर स्टॅकला मोकळी जागा. डेटा दोन्हीकडे मोजायचा, तेच लोक विसरतात. कंपाइल करताना फंक्शन-सेक्शन्स आणि डेटा-सेक्शन्स, लिंक करताना जीसी-सेक्शन्स हा पर्याय लावा, न वापरलेली फंक्शन्स गळून पडतील. फक्त इंटरप्ट व्हेक्टरच्या टेबलाला स्क्रिप्टमधे "कीप" लावा, त्याला कोडमधून कोणी बोलवत नाही म्हणून लिंकर त्यालाही कचरा समजून उडवेल आणि बोर्ड सुरूच होणार नाही. आणि ओलावा दशांशात छापायला प्रिंटएफमधे फ्लोट वापरत असाल तर ते आधी काढा, त्याच्यापायी बराच कोड आत येतो. ३५.४ ऐवजी ३५४ पाठवा आणि मोबाइलवर दहाने भागा. कोण किती जागा खातंय ते बघायला लिंकरकडून मॅप फाइल काढून घ्या, वाचायला रटाळ आहे पण खरं तिथेच कळतं.

नाशिक रोडहून एक वाचक : स्ट्रिप केल्यावर (नावं आणि डीबगची माहिती काढून टाकल्यावर) बायनरी एकदम लहान झाली म्हणून तीच कस्टमरला दिली. आता क्रॅश होतेय आणि लॉगमधे नुसते पत्ते येतात. काय करू?

स्ट्रिप न केलेली मूळ फाइल, मायनस जी लावून त्याच बिल्डमधे बनलेली, तुमच्याकडे असेल तर ॲडर२लाइनला ती फाइल आणि पत्ता द्या, फाइलचं नाव आणि ओळ नंबर मिळेल. लॉगमधे कंसात अधिक चिन्ह लावून छोटा आकडा असेल तो द्यायचा, लांबलचक पत्ता देऊन उपयोग नाही, कारण हल्ली प्रोग्रॅम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतो. मूळ फाइल ठेवली नसेल तर मात्र अवघड आहे, परत बिल्ड करून पत्ते जुळतीलच असं नाही. पुढच्या वेळी स्ट्रिपच्या आधी ऑब्जकॉपीच्या ओन्ली-कीप-डीबग पर्यायाने डीबगची माहिती वेगळ्या फाइलमधे काढून घ्या आणि प्रत्येक रिलीजची जपून ठेवा, जागा कितीही खाऊदे.

इंदिरानगरहून एक विद्यार्थिनी : सीनियरचा जुना प्रोजेक्ट घेतला, त्यांच्याकडे चालायचा, माझ्याकडे "मल्टिपल डेफिनिशन" च्या ओळीच ओळी. मी तर काहीच बदललं नाही.

तू नाही गं, जीसीसीने बदललंय. हेडरमधे ग्लोबल व्हेरिएबल एक्स्टर्न न लावता लिहिलेलं असणार आणि ते हेडर चार डॉट सी फाइलींत इन्क्लुड झालंय, म्हणजे एकाच नावाची चार व्हेरिएबल्स झाली. पूर्वी सीमधे जीसीसी ती गुपचूप एकत्र करू द्यायचं, २०२० मधल्या जीसीसी १० पासून तो लाड बंद झाला. हेडरमधे एक्स्टर्न लाव आणि एकाच डॉट सी फाइलमधे खरं व्हेरिएबल लिही. घाईचं सबमिशन असेल तर मायनस एफकॉमन लावून आजचा दिवस निघेल.

गंगापूर रोडहून एक वाचक : मोठा सी प्लस प्लस प्रोजेक्ट, एक ओळ बदलली तरी लिंकिंगला चहा पिऊन येण्याइतका वेळ जातो. गोल्ड हा लिंकर वापरू का?

गोल्ड आता नको. इयन लान्स टेलर यांनी गूगलमधे असताना तो लिहिला, २००८ मधे आला आणि तेव्हा खरंच वेगवान होता, पण २०२५ च्या बिनयुटिल्स २.४४ मधे त्याला निवृत्तीच्या रांगेत बसवलंय आणि मुख्य पॅकेजातूनही काढलंय. एलएलव्हीएमचा एलएलडी किंवा रुई उएयामा यांचा मोल्ड बघा, मोल्डचं १.० डिसेंबर २०२१ मधे आलं आणि मोठ्या प्रोजेक्टवर फरक लगेच दिसतो. जीसीसी १२.१ किंवा पुढचं असेल तर "एफयूज-एलडी" ला मोल्ड द्यायचं, बाकी काही बदलावं लागत नाही. रोजच्या कामाला मोल्ड, कस्टमरला जायच्या बिल्डला नेहमीचा एलडी, असं मी तरी करतो. पिंपळगावच्या भाऊंनी मात्र याच्या नादी लागू नये, मोल्डला पूर्ण लिंकर स्क्रिप्ट चालत नाही.